वाजवून घ्या

(अंबाजोगाई येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीला या टेबलावरच्या दोन वस्तू दाखवतो. हे सुगड. परवाच्या संक्रांतीला आमच्या घरी पूजलेल्या पाचांतलं एक. हळदीकुंकवाची बोटं अजून अंगावर आहेत. आणि हा बिनकानाचा पांढरा कप. माझा पुतण्या नोकरीनिमित्त जपानला होता, त्याने आरिता नावाच्या गावातून आणलेला. मागच्या रांगांना नीट दिसणार नाही, तेव्हा ऐका. सुगडावर टिचकी मारतो. आवाज जागच्या जागी बसला. आता कपावर. हा जरा वेळ हवेत राहिला.

विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला होता. म्हणाले, "सर, जपानी चिनी माती म्हणजे नक्की कोणाची?" त्यांची शंका रास्त आहे. ही भांडी जगाने पहिल्यांदा चीनकडून घेतली, म्हणून आपण त्या मातीलाच चिनी म्हणून टाकलं. तिचं दुसरं नाव केओलिन. तेही चीनमधल्या जिंगडेझेनजवळच्या गाओलिंग या गावावरून पडलं. एका गावाचं नाव मातीला लागलं आणि जगभर गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण मी पुढे मातीपेक्षा नावाबद्दलच जास्त बोलणार आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्या गुरुजींची एक सवय इथल्या पुष्कळांना आठवत असेल. कोणाकडे चहा झाला की ते बशी उलटी करून खालचा शिक्का वाचायचे. घरातल्या बाईला वाटायचं, बशी नीट विसळलेली नाही की काय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कोणाच्या घरी चहा प्यालो ते कळलं. कोणाच्या हातून प्यालो ते बघतोय." हे सुगड मी गुरुजींसारखं उलटं केलं. खाली दोऱ्याने चाकावरून कापल्याच्या गोलसर रेघा आहेत, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. नाव नाही. कपाच्या बुडाशी निळ्या रंगात चार अक्षरं आहेत.

आता थोडं जवळून पाहू. कोरं सुगड जिभेच्या टोकाला लावलं तर चिकटतं. त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात. याच छिद्रांतून पाणी पाझरतं, उडून जातं आणि आपला माठ गार राहतो. कुंभाराच्या आव्यात गोवऱ्या, पाचट, भुसकट जळतं. आच साधारण 700 ते 800 अंशांपर्यंत जाते. त्या आचेला माती भाजते, पण वितळत नाही. चिनी मातीचं भांडं 1300 अंशांच्या आसपास भाजतात. तिथे मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि सगळं अंग एकजीव होतं. म्हणून हा कप उजेडात धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. पाणी याच्यात शिरत नाही. डागही नाही, वासही नाही.

आपल्या काळ्या मातीला 1300 अंशांवर नेलं तर भांडं राहणारच नाही, लगदा होऊन बसेल. मग बीडच्या कुंभाराला पांढरी माती माहीत नव्हती म्हणून तो मागे पडला, असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि वरच्या अंगाला पैठण. दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, जुनं तगर. या दोन्ही ठिकाणी सातवाहन काळातल्या केओलिनच्या मूर्ती सापडल्या आहेत. पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीकामाचा जो संग्रह आहे, तो न पाहता तेरहून परत येऊ नका. ज्या मातीसाठी युरोप अठराव्या शतकापर्यंत वेडा झाला होता, तिला आपल्या दोन्ही शेजाऱ्यांनी अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी साच्यात घातलं होतं. त्यांनी तिच्या बाहुल्या केल्या, एवढंच.

तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. त्यांची थापटीची गोष्ट घराघरात माहीत आहे. संतमंडळी जमली, मुक्ताबाईंनी थापटीकडे बोट दाखवलं आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं. नामदेव कच्चे निघाले. कीर्तनकार इथून गुरूच्या महिम्याकडे वळतात. मी कुंभाराच्या बाजूने पाहतो. मडकं थापटताना हाताला आणि कानाला एकाच वेळी जे कळतं, ते ज्ञान या गोष्टीत संतत्वाची कसोटी म्हणून आलं आहे. तालुक्याच्या बाजारात आजही बाई मडकं उचलते, बोटांच्या पेरांनी वाजवते. बद्द वाजलं की खाली ठेवते. तीही काकांचीच परीक्षा घेत असते.

आता आरिताकडे जाऊ. जपानच्या क्यूशू बेटावर, सागा प्रांतात, डोंगरांच्या बेचक्यातलं वीसेक हजार वस्तीचं हे गाव. तिथल्या चिनी मातीची सुरुवात युद्धातून झाली. 1592 ते 1598 या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना जपानी सरदारांनी कोरियाचे कुंभार धरून आणले, इतके की त्या स्वाऱ्यांना कुंभारांची युद्धंही म्हणतात. नाबेशिमा सरदारांच्या मुलखात आलेल्यांत यी साम-प्योंग होता. जपानी त्याला री सांपेई म्हणतात. परंपरा सांगते की 1616 च्या सुमारास त्याला आरिताजवळच्या इझुमियामा डोंगरात हवा तो पांढरा दगड सापडला. माती नव्हे, दगड. तो फोडायचा, ओढ्याच्या पाण्यावर आपोआप वरखाली होणाऱ्या मुसळांनी कुटायचा, पाण्यात कालवून निवळायचा, तेव्हा त्याची माती होते. आपल्याकडे बायका उखळात जोंधळा कुटत होत्या, तिकडे ओढा रात्रंदिवस डोंगर कुटत होता.

चाक तिथलं वेगळं. आपलं चाक जड, खुंटीवर तोललेलं. दांडक्याने गरगरा फिरवून द्यायचं आणि वेग ओसरेपर्यंत उकिडवं बसून भांडं वर काढायचं. आरितात कोरियन पद्धतीचं पायाने फिरवायचं चाक आलं. भांडं वाळलं की एकदा मंद आचेला भाजतात. मग कोबाल्टच्या रंगाने चित्र काढतात. हा रंग लावताना काळपट, मळका दिसतो. निळाई भट्टीतून बाहेर आल्यावरच कळते. म्हणजे चितारणाऱ्याला जो रंग दिसतो तो खरा नसतो आणि खरा रंग त्याला मनात धरून चालावं लागतं. त्यावर इसू नावाच्या झाडाची राख घालून केलेली झिलई, आणि मग मोठी भट्टी. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारख्या एकावर एक चढत गेलेल्या खोल्यांची ही भट्टी, लाल पाइनच्या लाकडावर पेटणारी.

चित्रात रेघ ओढणारा हात एक आणि रेघेच्या आत रंग भरणारा दुसरा. भरण्याच्या कामाला 'दामी' म्हणतात. त्याचा कुंचला मूठभर जाडीचा असतो, पाणी पिऊन कांद्यासारखा फुगतो. त्यातून रंगाचं पाणी रेघेला न ओलांडता पसरवायचं. हे काम परंपरेने बायकांचं. भांड्याखाली त्यांचं नाव येत नाही. आपल्याकडेही माती चाळणं, लीद आणि राख मिसळून ती मळणं, आवा रचायला हात देणं, डोक्यावर मडकी घेऊन बाजार करणं हे कुंभारणीचं, आणि चाक मात्र पुरुषाचं. इतकी कामं करणारीला चाकाला हात लावायचा नाही, हा न्याय आपण कुठून आणला कोण जाणे.

आरिताला गिऱ्हाईक मिळालं ते चीनमधल्या धामधुमीमुळे. मिंग घराणं कोसळलं, जिंगडेझेनचा माल थांबला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने 1659 पासून आरिताला मोठ्या मागण्या द्यायला सुरुवात केली. माल इमारी बंदरातून निघायचा, म्हणून युरोपात त्याचं नाव इमारी पडलं. याच काळात साकाइदा काकिएमोन या कारागिराने झिलईवर लाल, हिरवे, निळे रंग चढवण्याची रीत बसवली. त्याच्या नावातलं काकी हे तिकडचं केशरी-लाल फळ, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. त्या घराण्यात वडिलांनंतर मुलगा गादीवर येतो तेव्हा स्वतःचं नाव सोडून काकिएमोन हे नाव कायद्याने घेतो. चौदावे काकिएमोन 2013 मध्ये वारले, 2014 मध्ये मुलगा पंधरावा काकिएमोन झाला. आपल्याकडे पंधरा पिढ्यांची वंशावळ पाटील-देशमुखांच्या दप्तरात सापडते. कुंभाराच्या घरात तुमच्या पणजोबांचं नाव काय, असं विचारून बघा.

पण थांबा. टाळ्या वाजवण्याआधी याच गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. 1637 मध्ये नाबेशिमा सरदारांनी आरिता परिसरातून 826 कुंभार कामावरून हाकलले. सरपणासाठी डोंगर बोडके होत होते, हे कारण. काढले ते बहुतेक जपानी. कसबी कोरियन ठेवून घेतले. पुढे सरदारांच्या खास भट्ट्या ओकावाचियामाच्या खोऱ्यात नेल्या. तीन बाजूंना कडे आणि चौथ्या बाजूला पहारा. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून कारागीरच आत कोंडले. युरोपातही तेच झालं. जर्मनीत चिनी मातीचं कोडं 1708 च्या सुमारास उलगडण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो ब्योटगर सॅक्सनीच्या शासकाचा कैदी होता. तुमच्या कपाटातल्या शोभेच्या भांड्यांचा इतिहास असा कुलपातला आहे. आपल्या कुंभाराला असं कोणी कोंडलं नाही. त्याचं काम कोणाला चोरावंसं वाटलंच नाही.

असं का झालं, यावर मला जे वाटतं ते सांगतो. तज्ज्ञांनी खुशाल खोडून काढावं.

आपल्या समाजाने मातीचं भांडं फोडायसाठी ठरवलं. सुतक फिटलं की घरातली मडकी बाहेर टाकायची. ग्रहण सुटलं की माठातलं पाणी ओतायचं, कित्येक घरांत माठही बदलायचा. जातीबाहेरच्याचा हात लागला की मडकं बाटलं. तांब्या-पितळेचं भांडं चिंचेने घासलं की शुद्ध होतं. मातीच्या भांड्याला ही सोय नव्हती. नवरात्रात घट नवा, संक्रांतीला सुगडं नवी, आखितीला पितरांसाठी करा-केळी नवी, आणि शेवटी खांद्यावरून नेऊन फोडायचं मडकंही नवं. यामुळे कुंभाराचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही, हे खरं. पण उद्या फेकायच्या वस्तूला आज कोण जास्त मोल देईल? बलुत्यात सुगीला धान्य मिळायचं, वर्षभर गावाला मडकी पुरवायची. भांडं सुंदर झालं म्हणून पायली वाढत नव्हती आणि साधं झालं म्हणून घटत नव्हती. झिलई चढवायची, आच वाढवायची, नवा रंग शोधायचा, असं त्याला वाटावंच का?

झिलई मराठवाड्यात आलीच नाही असंही नाही. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांमुळे त्याला ते नाव पडलं. गोवळकोंडा पडल्यावर 1687 नंतर औरंगजेबाने तिथल्या सुलतानाला, तानाशहाला, याच महालात कैदेत ठेवलं. झिलई गडाच्या भिंतीपर्यंत पोचली, कुंभारवाड्यापर्यंत आली नाही.

जपानात चहाचा कप लाकडी पेटीत ठेवतात. पेटीच्या झाकणावर कारागीर स्वतःच्या हाताने वस्तूचं आणि आपलं नाव लिहितो. पेटी हरवली तर कपाची किंमत उतरते. आपल्याकडे सुगड आठवड्यात परसात जातं, पावसाळ्यात पुन्हा माती होतं. मला ही रीत मनापासून आवडते. प्लॅस्टिकच्या ढिगांकडे पाहिलं की जास्तच आवडते. पण आपल्या या शहाणपणाची किंमत पिढ्यान् पिढ्या कुंभाराने भरली, हे कबूल करायला आपली जीभ वळत नाही.

आणि चिनी मातीच्या कपालाही आपण सोडलं नाही. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात एक कानतुटका कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तो कोणासाठी होता, ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. भट्टीत 1300 अंशांवर शुद्ध झालेली, कोणताही डाग न धरणारी वस्तू. तिच्यावरही आपण विटाळ चढवून दाखवला.

मेजी क्रांतीनंतर 1871 मध्ये जपानमधली सरदारी संस्थानं बरखास्त झाली. नाबेशिमांचा आश्रय गेला, पहारेही गेले. आपल्याकडे पोलीस कारवाईनंतर निजामी गेली आणि पुढे बलुतं मोडलं, तसाच हा घाव होता. आरिताची माणसं काय करती झाली? 1875 मध्ये त्यांनी कोरान्शा नावाची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात माल मांडला. पुढे सरकारही मागे उभं राहिलं. 1950 च्या कायद्याने वस्तूंबरोबर कौशल्यालाही राष्ट्राची ठेव मानलं. ज्याच्या हातात ते कौशल्य आहे त्याला लोक जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात. चौदावे काकिएमोन तसे होते. मोडलेल्या भट्ट्यांच्या विटा आरिताने टाकल्या नाहीत. त्या चिणून गल्ल्यांच्या भिंती बांधल्या, झिलईचे ओघळ त्यांच्यावर अजून दिसतात. री सांपेई तिथल्या तोझान देवळात देव म्हणून पूजला जातो आणि त्या देवळाची कमानच चिनी मातीची आहे. तेरला आपणही कुंभाराला देव केलं. तिथे अभंग भरपूर ऐकायला मिळतात, मिळायलाच हवेत. चाक मात्र मी शोधत राहिलो.

मराठी माणसाने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्वदेशीच्या दिवसांत आपली नजर जपानकडे होतीच. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा. तो उभा करणारे ईश्वरदास वार्ष्णेय काच जपानमध्ये शिकून आले होते. तुमच्या आजीच्या लोणच्याची बरणी आठवते? वरून तपकिरी, खाली पांढरट. तिचं मूळ बऱ्याचदा सौराष्ट्रातल्या थान, मोरबी, वांकानेरच्या परशुराम पॉटरीत सापडतं आणि ती काढणारे परशुराम गणपुले आपलेच. ज्या मोरबीच्या टाइल्स आज बीडच्या प्रत्येक नव्या स्वयंपाकघरात बसतात, तिथल्या धंद्याच्या पायाशी एक मराठी नाव आहे. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाने कुंभारांना नवी भट्टी, नवं चाक देण्यात आयुष्य घातलं. अलीकडे राज्याने गोरोबाकाकांच्या नावे मातीकला मंडळही काढलं आहे. मंडळं निघावीत. पण मंडळ निघालं म्हणून पैठणी नेसलेल्या घरात मडकं शिरत नाही.

परवा सुगडं घ्यायला मी बाजारात गेलो. पासष्टीच्या एक मावशी गोणपाटावर बसल्या होत्या. पाचाचे पन्नास म्हणाल्या. मी हातात घेऊन बघत होतो, तर म्हणाल्या, "वाजवून घ्या सर, माघारी घेणार न्हाई." मी वाजवलं. विचारलं, "मावशी, घडवलं कोणी?" त्या हसल्या. "घडवतंय कोण आता? टेम्पोनं भरून आणलंय. आमचं चाक कवाचंच परसात पालथं पडलंय. पोरगं वीटभट्टीवर जातं." मग आपणहून म्हणाल्या, "आमच्या मालकाचा माठ मात्र लांबून वळखू यायचा. गळ्यापाशी तीन रेघा असायच्या. लोक म्हणायचे, तीन रेघांचा द्या."

मित्रहो, तो शिक्का होता. अक्षर न येणाऱ्या माणसाने काढलेला. पंचक्रोशी तो वाचत होती, आणि आपण शिकलेल्यांनी तो कुठे टिपून ठेवला नाही.

तेव्हा माझं मागणं लहान आहे. आरितात दर वर्षी 29 एप्रिल ते 5 मे या आठवड्यात भांड्यांची जत्रा भरते. त्या छोट्या गावात दहा लाखांच्या आसपास माणूस लोटतं. आपली आखिती याच सुमाराला येते आणि गावोगाव करा-केळीचा बाजार मांडला जातो. तिला अजून तीन महिने आहेत. इथे महाविद्यालयांतली मुलं-मुली बसली आहेत. एकेका गावाचा कुंभारवाडा गाठा. चाक कोणाचं फिरतं आहे, कोणाचं पालथं पडलं आहे, माती कोणत्या पांदीतून यायची, मळायचं कोण, माठावर खूण कोणती असायची, हे लिहून आणा. बाईचं नाव नवऱ्याच्या नावाच्या आधी लिहा. आणि करा-केळी घ्यायला जाल तेव्हा वाजवून घ्या, बूड उलटं करून बघा, घडवलं कोणी ते विचारा, पण भाव करू नका.

शंभर पानांची वही मी आणली आहे. पहिल्या पानावर मावशींचं नाव आणि तीन रेघा आहेत, त्यांनी स्वतः काढून दिलेल्या. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. जाताना आपल्या गावाचं नाव लिहून जा.